घट्यावरच्या चिमण्या

(दृश्य: अमळनेर तालुक्यातल्या एका घराचा ओटा. मे महिन्यातली सकाळ. वरून दिसणारं जातं.)

निवेदन:

अहिराणीत याला घट्या म्हणतात. आसोद्याच्या बहिणाबाईंनी याला घरोटा म्हणून हाक मारली, पण हे घर बोरी नदीच्या अंगाचं, त्यामुळे इथे घट्याच. रोजचं पीठ आता चक्कीवरून येतं. घट्या निघतो तो श्रावणात, कानबाई देवीच्या रोटांच्या दळणाला, तेही हौसेपुरता. यंदा मात्र तो उन्हाळ्यातच बाहेर आला. नातीला त्याच्यावर चिमण्या नाचवायच्या होत्या.

नात धुळ्याला चित्रकला शिकते. नाव सांगायला तयार नाही. 'घट्याचं नाव लावा,' म्हणते.

(दृश्य: लॅपटॉपवर जुन्या फाइली.)

चिमण्यांच्या आधी बरंच काही होऊन गेलं. १९१२ साली दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाणा लावला, रोज त्याची एक चौकट टिपली आणि पडद्यावर रोप भराभर वाढताना दाखवलं. हे वाचून ही पोरगी रावेरला मामाच्या मळ्यात गेली. केळीच्या बुडाशी फुटलेली नको ती पिलं कोयत्यानं छाटतात, पण छाटलं तरी मधली सुरळी काही तासांत पुन्हा डोकं काढते. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, मिनिटाला एक फोटो. बारा तासांचे ७२० फोटो, सेकंदाला २४ या हिशेबानं पडद्यावर जेमतेम अर्धा मिनिट. दुपारी मळ्यातल्या कुत्र्यानं स्टँडला धक्का दिला आणि केळीनं टुणकन उडी मारली. ती म्हणते, फसलं. मला अख्ख्या तुकड्यात तेवढी उडीच आवडते.

भुसावळचं प्रकरण वेगळं. पॅरिसमध्ये रेडिओवर काम करणाऱ्या प्येर शेफर नावाच्या इंजिनिअरनं १९४८ मध्ये आगगाडीचे आवाज ध्वनिमुद्रित केले, त्यांचे तुकडे निवडून, पुन्हापुन्हा वाजवून, एकापुढे एक लावून त्यांची रचना केली. मग आपल्याकडे तर भुसावळ जंक्शन आहे! तिनं दोन दिवस रूळ, कपलिंग, चहावाले, ब्रेक, सगळं फोनमध्ये भरून आणलं. तो तुकडा खरंच फसला. ऐकणारा प्रत्येक जण पहिल्या तीन सेकंदांत म्हणायचा, 'हं, रेल्वे.' शेफरला आवाज हवा होता तो आवाज म्हणून. कशाचा आहे ते विसरून ऐकलेला. भुसावळच्या फलाटावर रेल्वे विसरणं खानदेशी माणसाला जमणारच नाही.

(दृश्य: कागदाचं गोल कडं. त्यावर रांगेनं चिमण्या.)

मग घट्या. युक्ती जुनी आहे, १८३२ मधली. बेल्जियमच्या जोसेफ प्लातोनं तबकडीवर गोलाकार चित्रं काढली आणि ती फिरवून फटींतून आरशात पाहिली, तर चित्रं हलू लागली. आता फटीचं काम फोनचा कॅमेरा करतो. फोन सेकंदाला २४ चौकटी टिपतो. दोन चौकटींच्या मधे दगड बरोबर एका चित्राएवढा फिरला, की कडं जागच्या जागी थांबल्यासारखं दिसतं आणि चिमण्या टोचा मारू लागतात.

तिनं आधी २४ चिमण्या काढल्या, कारण आजी सेकंदाला एक फेरा घेईल असं तिनंच ठरवून टाकलं होतं. आजीला विचारलं नव्हतं. आजीचा फेरा दीड सेकंदाचा निघाला. म्हणजे चिमण्या हव्यात ३६. रात्री बसून पुन्हा सगळं कडं काढलं. बारा चित्रांत एक टोच, अर्ध्या सेकंदाला एक.

चित्र फिसकटू नये म्हणून प्रत्येक चौकट सेकंदाच्या हजाराव्या भागात टिपायची, म्हणजे उजेड भरपूर लागतो. मे महिन्यात खानदेशात उन्हाची ददात नाही. अडचण निघाली ती वेगाची. तिनं फोनवर टिकटिक लावली आणि आजीला त्या ठेक्यावर दळायला सांगितलं. आजी दोन फेरे थांबली, मग म्हणाली, 'मना हात काय घड्याळना काटा शे?'

(दृश्य: घट्या फिरतो आहे. इथे निवेदन थोडं थांबावं.)

पाहा. चिमण्या जागेवर आहेत आणि खुंटा धरलेला हात त्यांच्या डोक्यांवरून फिरतोय. ओवी लांबली की हात मंदावतो आणि अख्खी रांग मागे सरकते, सिनेमातलं बैलगाडीचं चाक उलटं फिरतं तशी. मूठभर ज्वारी घातली की पहिला फेरा जड जातो, पुन्हा मागे. दाणे भरडले की रांग पुढे पळते. कागदावर सांडलेला एक दाणा एकीच्या चोचीखालून दुसरीच्या चोचीखाली निसटतोय, कुणालाच सापडत नाही. हा दाणा तिनं काढलेला नाही. हे सगळं संगणकावर सरळ करून घेता आलं असतं. दोन दिवस तिनं तेच केलं, आणि मग ती फाइल पुसली.

आवाज घ्यायला खेळण्यातल्या बझरची पितळी चकती. ती दगडाला चिकटवली की हवेतला नाही, दगडाच्या आतला आवाज मिळतो. वायर साधी, त्यामुळे घरातल्या विजेची गुणगुण, ५० हर्ट्झची, सगळ्यावर पसरायची. तिच्या मैत्रिणीनं महागडी वायर सुचवली. तेवढ्यात लाइट गेली आणि गुणगुणही गेली! त्यानंतर भारनियमनाची वाट पाहणारं गावातलं हे एकमेव घर.

त्या आवाजात ज्वारी करकरते. कळण्याचं दळण, म्हणजे ज्वारीत उडीद, घातलं की घुमटल्यासारखा खालचा सूर लागतो. मधेच एक बारीक 'टक्' यायचा. आजीच्या बांगड्या खुंट्यावर आपटायच्या. नातीनं त्या कोपरापर्यंत सरकवल्या आणि वर रुमाल बांधला.

(दृश्य: संध्याकाळ. ओट्यावरच्या भिंतीवर चादर, समोर पाच-सहा शेजारणी.)

पाच मिनिटांचं काम. शेजारणी चिमण्यांना हसल्या. आजी हसली नाही. चादरीवरचा हात बघत राहिली. संपल्यावर म्हणाली, 'बांगड्यासना आवाज कोठे गया?'

नातीनं रुमालाचं सांगितलं. आजी काही बोलली नाही. उठून आत गेली आणि टोपलीत ज्वारी घेऊन आली.

(दृश्य: अंधारलेला ओटा. चित्र नाही, फक्त आवाज: दगड, आणि मधे मधे काच.)