अंश, कला, विकला

[दृश्य: सोलापूर, उत्तर कसबा. जुन्या वाड्यातील स्वयंपाकघर, सकाळची वेळ.]

ओट्याशेजारच्या खिळ्याला सुतळीने अडकवलेले हे पंचांग वर्षभर हाताळून मऊ पडले आहे. चतुर्थी केव्हा, एकादशी कोणत्या वारी, ग्रहण आपल्याकडे दिसणार की नाही, एवढे पाहून झाले की ते पुन्हा खिळ्याला लागते. महाराष्ट्रातील असंख्य घरांत जाणारे दाते पंचांग याच सोलापुरातून पिढ्यानपिढ्या प्रसिद्ध होत आले आहे, आणि चादरींसाठी ओळखल्या जाणाऱ्या या शहराची ही दुसरी ओळख तितकीच अभिमानाची आहे, असे आम्हांला वाटते.

सणवारांची पाने उलटून पुढे गेले की बारीक आकड्यांची कोष्टके लागतात. तेथे सहसा कोणी थांबत नाही. ही स्पष्ट ग्रहांची कोष्टके होत. अमुक दिवशी रवी, मंगळ, गुरू, शनी आकाशात नेमके कोठे असतील, हे त्यांत राशी, अंश, कला आणि विकला यांत दिलेले असते. पूर्ण वर्तुळाचे ३६० अंश, एका अंशाच्या ६० कला आणि एका कलेच्या ६० विकला. पौर्णिमेचा चंद्र आपल्याला सुमारे ३१ कला रुंद दिसतो. एक विकला म्हणजे त्या रुंदीचा जवळजवळ अठराशेवा भाग.

ग्रहाची कक्षा आजवर कोणीही डोळ्यांनी पाहिलेली नाही. आकाशात तशी रेघ ओढलेली नसते. ग्रह आज एका जागी दिसतो, उद्या किंचित सरकलेला दिसतो, आणि त्या सरकण्याच्या नोंदींवरून त्याची वाट शोधून काढावी लागते.

[दृश्य: पंचांगाचे पान जवळून. पेन्सिलीने अधोरेखित केलेल्या दोन ओळी.]

हे कसे करतात, ते स्वयंपाकघरातच करून पाहता येते. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातील लागोपाठच्या दोन दिवसांचे रवीचे आकडे घ्यावेत आणि एकातून दुसरा वजा करावा. फरक येतो सुमारे ६१ कला. हीच वजाबाकी जुलैच्या पहिल्या आठवड्यातील आकड्यांची केली, तर उत्तर येते सुमारे ५७ कला. रवीची ही गती प्रत्यक्षात आपल्या पृथ्वीची गती आहे, आणि ती वर्षभर सारखी नाही, हे शाळकरी वजाबाकीने समोर आले. जानेवारीच्या आरंभी पृथ्वी सूर्यापासून सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर असते आणि सेकंदाला ३०.३ किलोमीटर वेगाने धावते. जुलैच्या आरंभी ती १५ कोटी २१ लाख किलोमीटरवर जाते आणि तिचा वेग २९.३ किलोमीटरवर उतरतो.

म्हणजे मकरसंक्रांतीच्या सुमारास, सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक निघते आणि पहाटेच्या थंडीत तळ्याकाठी माणसे शाली लपेटून उभी असतात, तेव्हा पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळच्या स्थानावरून जेमतेम दहा-अकरा दिवस पुढे आलेली असते. ऋतू अंतरामुळे होत नाहीत, हे सांगायला सोलापूरकरांना याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. ते पृथ्वीच्या आसाच्या सुमारे साडेतेवीस अंशांच्या कलण्यामुळे होतात. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी बारा वाजून साधारण तेवीस मिनिटांनी सूर्य या शहराच्या थेट डोक्यावर येतो, अंगणात उभ्या केलेल्या मुसळाची सावली त्याच्या बुडाशी गडप होते आणि रस्ते ओस पडतात. त्या वेळी सूर्य जानेवारीच्या तुलनेत चाळीस लाख किलोमीटर लांब गेलेला असतो.

कक्षेच्या या आकाराचा आणखी एक परिणाम आपण घरोघरी पाळतो, आणि तो फारसा कोणी कक्षेशी जोडत नाही. सूर्याला एक रास ओलांडायला लागणारा काळ म्हणजे सौर महिना. उन्हाळ्यात पृथ्वी सावकाश चालत असल्याने सौर महिने ३१ दिवसांहून मोठे होतात, तर धनू राशीतील सौर महिना साडेएकोणतीस दिवसांच्याही आत आटोपतो. चांद्र महिना मात्र सरासरी २९.५३ दिवसांचा. ज्या चांद्र महिन्यात सूर्याची एकही संक्रांत, म्हणजे नव्या राशीत प्रवेश, होत नाही, तो अधिक महिना. असा चांद्र महिना लांब सौर महिन्याच्या पोटात सहज बसतो, आखूड सौर महिन्यात बसणे कठीण जाते. म्हणूनच धोंड्याचा महिना बहुधा चैत्र ते आश्विन या काळात येतो: २०२० मध्ये अधिक आश्विन आला, २०२३ मध्ये अधिक श्रावण, आणि २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ. जावयाला अनारशांचे ताट देताना, किंवा त्या महिन्यात पंढरपूरला चंद्रभागेच्या वाळवंटात उतरताना, आपण पृथ्वीच्या कक्षेच्या लंबगोलाचाच हिशोब पाळत असतो.

[दृश्य: लाकडी पाट, कागद, दोन टाचण्या, सुताचा फेरा.]

लंबगोल हा शब्द ऐकला की अंड्यासारखी आकृती डोळ्यांपुढे येते, आणि पाठ्यपुस्तकांतील चित्रे हा गैरसमज पक्का करतात. खरा आकार पाहायचा असेल तर तो काढावा. सोलापुरात सुताला तोटा नाही. कागदावर दोन टाचण्या एकमेकींपासून १९ मिलीमीटरवर टोचाव्यात, २१९ मिलीमीटर लांबीच्या सुताचा बंद फेरा त्यांच्याभोवती टाकावा, पेन्सिलीने तो ताणून धरावा आणि पेन्सिल गोल फिरवावी. कागदावर उमटते ती मंगळाची कक्षा. तिची लांबी २० सेंटीमीटर भरते आणि रुंदी त्याहून एक मिलीमीटरही कमी नसते; पाहणारा तिला वर्तुळच म्हणेल. सूर्य मात्र मधोमध नाही. तो एका टाचणीच्या जागी आहे, केंद्रापासून ९ मिलीमीटरांहून थोडा अधिक सरकलेला.

इतका सूक्ष्म फरक जर्मन खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लर यांनी दुर्बिणीशिवाय घेतलेल्या नोंदींवरून ओळखला. त्या नोंदी डेन्मार्कचे खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहे यांच्या होत्या. केप्लर यांनी वर्तुळावर आधारलेले मंगळाचे गणित अनेक वर्षे जुळवून पाहिले, आणि ते ८ कलांपर्यंत येऊन अडले. आठ कला म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचा पाव भाग. दुसऱ्या कोणी ती नजरचूक म्हणून सोडून दिली असती. टायको यांच्या हातून एवढी चूक होणार नाही, हा विश्वास केप्लर यांनी सोडला नाही. त्यांनी वर्तुळ सोडले. १६०९ मध्ये त्यांनी दोन नियम मांडले: ग्रह लंबगोल कक्षेत फिरतो आणि सूर्य तिच्या एका नाभीत, म्हणजे आपल्या टाचणीच्या जागी, असतो, तसेच ग्रह व सूर्य यांना जोडणारी रेषा समान काळात समान क्षेत्रफळ आक्रमते. पंचांगातील ६१ आणि ५७ कला हे त्या दुसऱ्या नियमाचेच आपल्या हाताशी असलेले रूप आहे.

तिसरा नियम १६१९ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि तो तर मराठी बोलण्यात शब्दांच्या रूपाने वावरतो आहे. सूर्यापासूनचे अंतर पृथ्वीच्या तुलनेत किती पट आहे, त्याचा घन करावा आणि त्या घनाचे वर्गमूळ काढावे. ग्रहाची प्रदक्षिणा तितक्या वर्षांची निघते. गुरू ५.२ पट दूर आहे. त्याचा घन सुमारे १४०.६, वर्गमूळ ११.८६. म्हणून गुरू एका राशीत साधारण एक वर्ष राहतो, आणि म्हणून नाशिकला सिंहस्थ बारा वर्षांनी येतो. बाराला पडलेली ती थोडी तूट साचत जाते. गुरूच्या सात फेऱ्यांना ८४ ऐवजी ८३ वर्षे लागतात.

शनी सुमारे साडेनऊ पट दूर आहे, त्यामुळे त्याची प्रदक्षिणा साडेएकोणतीस वर्षांची. तिचे बारा भाग केले की एका राशीला अडीच वर्षे येतात. जन्मराशी, तिच्या आधीची आणि नंतरची, अशा तीन राशींची मिळून साडेसात. साडेसाती या शब्दाला अनेक घरांत भिऊन असतात, आणि त्या भीतीपोटी होणारा खर्च व मनस्ताप आम्ही जवळून पाहिलेला आहे. मनापासून सांगावेसे वाटते की, हा शब्द एका दूरच्या, संथ ग्रहाच्या कक्षेचे मोजमाप आहे. आपल्या पूर्वजांनी त्याला शनैश्चर, म्हणजे हळू चालणारा, हे अचूक नाव दिले होते.

वक्री ग्रहाचेही तसेच आहे. पुण्याकडे निघालेली जलद गाडी कुर्डुवाडीच्या पुढे त्याच दिशेने जाणाऱ्या मालगाडीला मागे टाकते, तेव्हा खिडकीतून मालगाडी उलटी जात असल्याचा भास होतो. पृथ्वी साधारण दर २६ महिन्यांनी मंगळाला असेच मागे टाकते, आणि त्या सुमारास मंगळ काही आठवडे ताऱ्यांमधून उलटा सरकताना दिसतो.

[दृश्य: रात्रीचे आकाश, शहराबाहेरचा माळ.]

कलांनी लंबगोल दाखवला. विकलांनी त्याहून अधिक दाखवले. १७८१ मध्ये विल्यम हर्शेल यांना सापडलेला युरेनस गणिताने ठरवलेल्या जागी राहीना. फ्रान्समधील उर्बेन ल व्हेरिए यांनी त्या चुकण्यावरून पलीकडच्या न पाहिलेल्या ग्रहाची जागा काढली, आणि २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत योहान गाल यांना त्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून दिसला. बुधाची कक्षा मात्र अशा रीतीने समजेना. तिचा लंबगोल स्वतःच हळूहळू फिरतो, आणि इतर सर्व ग्रहांची ओढ वजा केल्यावरही शतकाला ४३ विकला उरतात. त्यासाठीही सूर्याजवळ एक ग्रह कल्पिला गेला, पण तो कधीच सापडला नाही. १९१५ मध्ये आइनस्टाइन यांच्या गुरुत्वाकर्षणाच्या नव्या सिद्धांतातून नेमक्या त्याच ४३ विकला निघाल्या. चंद्राच्या रुंदीच्या चाळिसाव्या भागाएवढी शिल्लक, तीही शंभर वर्षांत, आणि तिने न्यूटनचे गुरुत्वाकर्षण अपुरे ठरवले!

आपल्याकडेही या गणिताची मोठी परंपरा आहे. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० मध्ये रचलेल्या ‘ग्रहलाघव’वरून महाराष्ट्रात शतकानुशतके पंचांगे होत आली. पुढे व्यंकटेश बापूजी केतकर यांनी आधुनिक गणिताशी त्यांची सांगड घातली. १९११ मध्ये याच केतकरांनी नेपच्यूनपलीकडे, पृथ्वीच्या तुलनेत सुमारे ३९ पट अंतरावर आणि सुमारे २४२ वर्षांच्या प्रदक्षिणेचा एक ग्रह असावा, असे फ्रान्समधील खगोलशास्त्रीय नियतकालिकात मांडले; त्यांनी त्याला ब्रह्मा म्हटले होते. १९३० मध्ये सापडलेला प्लुटो सरासरी ३९.५ पट अंतरावर आहे आणि त्याची प्रदक्षिणा २४८ वर्षांची आहे. प्लुटोला २००६ पासून ग्रहांत गणले जात नाही, पण केतकरांचे नाव महाराष्ट्रात आजच्यापेक्षा अधिक माहीत असायला हवे.

सूर्यमालेबाहेर गेल्यावर ग्रहही क्वचितच दिसतो, तेव्हा कक्षा कशी कळणार? तिथेही मोजतात ते परत येणेच. ग्रह ताऱ्याभोवती फिरताना ताऱ्यालाही किंचित हलवतो, आणि तारा आपल्याकडे येताना व दूर जाताना त्याच्या प्रकाशाच्या वर्णपटातील रेषा सरकतात. मिशेल मेयर आणि दिदिए क्वेलो यांनी १९९५ मध्ये ५१ पेगासी या ताऱ्याचे असे हेलकावे मोजले. ते दर ४.२३ दिवसांनी तंतोतंत पुन्हा येत होते. गुरूच्या निम्म्या वस्तुमानाचा ग्रह आणि त्याचे वर्ष सव्वाचार दिवसांचे! या शोधासाठी दोघांना २०१९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. हेच तंत्र वापरून अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी माउंट अबूच्या गुरुशिखरावरून एका ग्रहाचे वस्तुमान मोजले आणि २०१८ मध्ये ते जाहीर केले. तो पृथ्वीच्या सुमारे २७ पट जड असून साडेएकोणीस दिवसांत प्रदक्षिणा पूर्ण करतो.

दुसरी रीत आपल्याही ओळखीची आहे. ८ जून २००४ रोजी शुक्राचा काळा ठिपका सूर्यबिंबावरून सरकत गेला, तेव्हा सूर्याचा प्रकाश सुमारे एक हजारांशाने घटला होता. आठ वर्षांनी, ६ जून २०१२ च्या सकाळी, ते पुन्हा घडले, कारण पृथ्वीच्या आठ वर्षांत शुक्राच्या जवळजवळ नेमक्या तेरा फेऱ्या होतात. दूरच्या ताऱ्यांचा प्रकाश असाच ठरावीक काळाने मंदावतो का, हे केप्लर यांचेच नाव दिलेल्या दुर्बिणीने २००९ ते २०१८ या काळात अंतराळातून पाहिले, आणि तिच्या नोंदींतून २,६०० हून अधिक ग्रह हाती आले.

त्यांतील आणि इतर दुर्बिणींनी शोधलेल्या ग्रहांतील काही कक्षा पाहिल्या की आपली सूर्यमाला किती शिस्तीची आहे, ते जाणवते. एचडी ८०६०६ या ताऱ्याचा ग्रह १११ दिवसांच्या फेरीत ताऱ्यापासून, आपल्याकडे सूर्यापासून शुक्र आणि पृथ्वी यांच्या कक्षांच्या दरम्यान भरेल एवढ्या अंतरापर्यंत लांब जातो आणि मग बुधाच्या कक्षेच्याही बऱ्याच आत झेपावतो. ज्या ताऱ्याला भारताने भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्या स्मरणार्थ बिभा हे नाव सुचवले, त्याच्या संतमस नावाच्या ग्रहाचे वर्ष दोन दिवसांहून किंचित मोठे आहे.

आम्हांला सर्वांत ओढ आहे ती ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याची. सुमारे ४० प्रकाशवर्षांवरच्या या लहान, तांबूस ताऱ्याभोवती पृथ्वीच्या आकाराच्या आसपासचे सात ग्रह फिरतात, हे २०१७ मध्ये जाहीर झाले. सर्वांत आतल्याचे वर्ष दीड दिवसाचे, सर्वांत बाहेरच्याचे पावणेएकोणीस दिवसांचे, आणि सगळ्यांच्या फेऱ्या एकमेकींशी मेळ राखून: पहिल्याच्या आठ होतात तेव्हा दुसऱ्याच्या पाच, दुसऱ्याच्या पाच होतात तेव्हा तिसऱ्याच्या तीन. असाच मेळ गुरूच्या उपग्रहांत आहे, आणि केतकरांनी आपले अनुमान त्याच मेळावर बांधले होते.

हे ग्रह एकमेकांना ओढत असल्याने ताऱ्यासमोर येण्याची त्यांची वेळ थोडी मागेपुढे होते. शास्त्रज्ञांनी त्या वेळांचे कोष्टक मांडले, प्रत्येक वेळ गणिताने आलेल्या वेळेतून वजा केली, आणि उरलेल्या फरकांवरून त्या सातही ग्रहांची वजने काढली.

[दृश्य: पंचांग पुन्हा खिळ्याला. पान स्पष्ट ग्रहांचे, दोन ओळींशेजारी पेन्सिलीने लिहिलेले ६१.]