दुसरा एच

ऑक्सफर्डचं ॲशमोलियन म्युझियम. काचेआडचा हा दागिना जेमतेम अंगठ्याएवढा. सोन्याची चौकट, वर स्फटिक, त्याखाली हिरव्या अंगरख्यातला मीनाकारीचा माणूस. १६९३ साली सॉमरसेटमधल्या नॉर्थ पेदरटनला सापडला. येणारा जो तो या माणसाच्या टपोऱ्या डोळ्यांत बघतो आणि पुढे जातो.

आपण कडेकडे बघू. पत्रा आरपार कापून अक्षरं काढली आहेत. ‘एल्फ्रेड मेक हेख्त येव्युर्कान.’ जुन्या इंग्रजीत: आल्फ्रेडच्या आज्ञेने मला घडवलं. हा आल्फ्रेड म्हणजे नवव्या शतकातला, दक्षिण इंग्लंडमधल्या वेसेक्सचा राजा. म्हणजे दागिना स्वतःच बोलतोय. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी ‘चावुंडराजें करवियलें’ कोरलंय ना, तसंच काहीसं. आपल्या मराठीने आज्ञा आणि घडवणं एकाच क्रियापदात उरकलं, एवढंच.

आता फक्त ‘हेख्त’. एच, ई, एच, टी. मूळ क्रियापद ‘हाटान’: आज्ञा करणे, हाक मारणे, नाव असणे. भूतकाळ सांगताना धातूचं पहिलं व्यंजन दोनदा म्हणायचं, ही फार जुनी रीत. संस्कृत शिकलेल्यांना ओळखीची वाटेल: ‘दा’चं ‘ददौ’, ‘कृ’चं ‘चकार’. इंग्रजीच्या जुन्या नात्यातल्या गॉथिक भाषेत याच क्रियापदाचं ‘हेहाइट’ होतं. इंग्रजीने ती रीत जवळजवळ मोडीत काढली. हा दुसरा एच तिची खूण. आल्फ्रेडच्या वेसेक्समध्येसुद्धा एरवी नुसतं ‘हेट’ लिहीत. म्हणजे सोनाराने कोरलं तेव्हाच हे रूप जुनं होतं. या काचेआडच्या दागिन्याहून हे रूप जुनं.

पुढे ‘हेख्त’चं ‘हाइट’ झालं. अर्थ उरला एकच: ‘नाव आहे’. तालमीतला हा नट ऐका. ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’, अंक पाचवा: ‘विच लायन हाइट बाय नेम.’ शेक्सपिअरच्या काळीही हा शब्द जुनाट होता. मुद्दामच त्याने तो हौशी नटांच्या नाटकात घातला. आपल्याकडे कुणी ‘वदला’ म्हणावं आणि प्रेक्षकांत खसखस पिकावी, तसं.

म्युझियमबाहेर ही जर्मन मुलगी ‘इश हाइसे’ म्हणत नाव सांगतेय. क्रियापद तेच.

इंग्रजीत मात्र त्याची जागा ‘कॉल’ने घेतली. शब्द नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन वळणाचा. इंग्लंडवर चालून आलेल्या डेन लोकांच्या बाजूचा.

त्या डेन लोकांना चुकवत ८७८ साली आल्फ्रेड लपला होता ते हे ॲथेलनी. तेव्हा इथे दलदल होती. दागिना सापडला ती जागा इथून काही मैलांवर.

[निवेदन नाही. गवत, वारा.]