बाईंसाठी, सरांसाठी: हातानं केलेलं कार्ड आणि छोटी वही

नमस्कार श्रोतेहो. शिक्षकांचे आभार मानायला घरच्या घरी कार्ड कसं करायचं, आणि त्याच्या जोडीला एखादी छोटी वस्तू कशी तयार करायची, हे आज बघू. जवळ एखादं जुनं वर्तमानपत्र असेल तर घेऊन बसा. थोड्या वेळानं ते फाडायचं आहे.

सुरुवात मजकुरापासून करायची. बहुतेक घरांत उलटं होतं. आधी रंगीत कागद येतो, मग चमकी, मग चिकटवायच्या टिकल्या, आणि सगळं लावून झालं की लिहायला जागा उरते दोन बोटं. तिथे ‘धन्यवाद बाई’ एवढंच मावतं. त्या दिवशी बाईंच्या टेबलावर अशा कार्डांचा ढीग असतो आणि सगळ्यांत हेच दोन शब्द असतात. म्हणून कात्री हातात घेण्याआधी रफ वहीत तीन-चार वाक्यं लिहून काढा.

पहिल्या वाक्यात शिकवलेली एक नेमकी गोष्ट हवी. ‘तुम्ही छान शिकवता’ यातून काहीच कळत नाही. ‘बाई, काड्यांची जुडी सोडून तुम्ही दशक सुटा करून दाखवलात, तेव्हा मला वजाबाकी कळली’, हे वाचताना बाईंना तो तास आठवतो. दुसऱ्या वाक्यात, त्यामुळे आता काय जमतं ते लिहायचं. आभार त्यानंतर. लहान मुलाला ‘बाईंबद्दल काहीतरी लिही’ असं सांगितलं तर तो पेन्सिल चावत बसतो. त्याऐवजी विचारा, ‘आधी तुला येत नव्हतं आणि बाईंनी शिकवल्यावर एकट्याला यायला लागलं, असं काय आहे?’ उत्तर लगेच येतं, आणि तेच पहिलं वाक्य. ते त्याच्याच शब्दांत, त्याच्याच अक्षरात जाऊ द्या. मोठ्यांनी वाक्य सजवून दिलं की ते मुलाचं राहत नाही, आणि रोज त्याची वही तपासणाऱ्या बाईंना ते लगेच कळतं.

आता कागद. एफोर आकाराचा, साधारण 200 ते 250 जीएसएमचा, म्हणजे एका चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजन असलेला कार्डशीट घ्या. त्याहून पातळ कागदाचं कार्ड उभं राहत नाही आणि 300च्या पुढचा कागद मुलांच्या हातांनी नीट दुमडत नाही. एफोर कागद 29.7 सेंटिमीटर लांब आणि 21 सेंटिमीटर रुंद असतो. लांब बाजू मधोमध कापून दोन तुकडे करा. एका तुकड्याचं एक कार्ड होतं, म्हणजे एका कागदात दोन शिक्षकांची सोय. तुकड्याची 21 सेंटिमीटरची बाजू निम्मी होईल अशी घडी घातली की साडेदहा बाय पावणेपंधरा सेंटिमीटरचं कार्ड मिळतं.

घडी घालण्याआधी ते वर्तमानपत्र हातात घ्या. एक पान वरून खाली सावकाश फाडा. आता दुसरं पान आडवं फाडा. एका दिशेनं कागद जवळजवळ सरळ फाटला असेल आणि दुसऱ्या दिशेनं वाकडातिकडा, दातेरी. यंत्रावर कागद तयार होताना त्यातले तंतू यंत्राच्या चालीच्या दिशेनं निजतात. त्या दिशेनं कागद सरळ फाटतो आणि घडीही सहज घेतो. तंतूंच्या आडव्या दिशेनं जाड कागद दुमडला की घडीवर त्याचा पृष्ठभाग फुटतो. रंगीत कार्डशीटवर तर तिथे पांढऱ्या भेगा दिसतात, आणि दोष मात्र मुलाच्या हाताला दिला जातो. कार्डशीट फाडून बघायची गरज नाही. न दुमडता, हलकेच दोन्ही दिशांनी वाकवून बघा. ज्या दिशेनं तो कमी अडतो, ती घडीची दिशा. हातकागदाला ही दिशा नसते, तो कसाही दुमडला तरी चालतो. पण त्यावर शाई फुटू शकते, म्हणून त्याच कागदाच्या कपट्यावर पेन आधी चालवून बघा.

दिशा बरोबर असली तरी जाड कागद नुसत्या बोटांनी दुमडू नका. घडीच्या जागी पट्टी ठेवा आणि शाई संपलेलं बॉलपेन तिच्या कडेनं दोनदा दाबून ओढा. कागदाखाली वर्तमानपत्राची चार पानं असू द्या, म्हणजे खाच नीट उमटते. खाच पडली की मागच्या बाजूला तिचा उंचवटा येतो. तो उंचवटा घडीच्या आत राहिला पाहिजे, खाच बाहेर. बरेच जण खाचेच्या बाजूला दुमडतात, ते उलट आहे. मग घडीवरून चमच्याची पाठ फिरवा. कागद चमकदार असेल तर मध्ये साध्या कागदाचा तुकडा ठेवून फिरवा, नाहीतर त्यावर ओरखडे पडतात.

आता लिहायचं. इथे देवनागरीची एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. आपली अक्षरं रेघेवर उभी राहत नाहीत, रेघेला लटकतात. म्हणून पेन्सिलीनं आखायची रेघ ही शिरोरेघेची. दोन रेघांमध्ये 12 मिलिमीटर अंतर ठेवा, कारण वर वेलांटी, मात्रा आणि रफार येतात, खाली उकार. 8 मिलिमीटरवर आखलं की ‘गुरू’चा उकार खालच्या ओळीतल्या ‘की’च्या वेलांटीला जाऊन भिडतो. चारही बाजूंनी दीड-दोन सेंटिमीटर मोकळे सोडले तर आतल्या पानावर आठ-नऊ ओळी बसतात. एका ओळीत चार शब्द धरले तर पस्तीसएक शब्द. आपली तीन-चार वाक्यं तेवढ्यात मावतात. नाही मावली तर अक्षर बारीक करू नका, वाक्य कमी करा.

पेन्सिल हलक्या हातानं चालवा. शाईनं लिहून झाल्यावर लगेच खोडरबर फिरवू नका. जेलपेनची शाई वरून वाळलेली दिसते आणि आत ओली असते. अर्धा तास थांबा. डावखुऱ्या मुलाचा हात नुकत्याच लिहिलेल्या अक्षरावरून जातो, त्याला हाताखाली कोरा कागद द्या किंवा साधं बॉलपेन द्या.

कार्ड उघडल्यावर आत काहीतरी उभं राहावं असं वाटत असेल, तर त्यासाठी दोन काप पुरतात. तेवढ्याच मापाचा दुसरा, जरा पातळ कागद घ्या आणि मधोमध दुमडा. घडीच्या कडेकडून आत, एकमेकांना समांतर, 3 सेंटिमीटर लांबीचे दोन काप द्या. दोघांत 2 सेंटिमीटर अंतर. कापांच्या टोकांना जोडणारी रेघ दाबून घ्या, कागद उघडा आणि मधली पट्टी आतल्या बाजूला ढकला. कार्ड अर्धवट उघडल्यावर ती पायरीसारखी उभी राहते. तिच्या उभ्या अंगावर फूल, पुस्तक, पेन्सिल, जे चितारलं असेल ते चिकटवा.

चूक होते ती चित्राच्या उंचीत. कार्ड बंद होताना ते चित्र घडीपासून 3 सेंटिमीटरवर आडवं निजतं आणि तिथून बाहेरच्या कडेकडे पसरतं. कार्ड साडेदहा सेंटिमीटर रुंद, त्यातून 3 गेले, उरले साडेसात. म्हणजे पायरीच्या तळापासून चित्र सात सेंटिमीटरपेक्षा उंच नको, नाहीतर बंद कार्डातून त्याचं डोकं बाहेर दिसेल. काप मोठे करायचे असतील तरी रुंदीच्या निम्म्यापेक्षा लहानच ठेवा, नाहीतर पट्टीच बाहेर येते. हा आतला कागद कार्डाला चिकटवताना पायरीच्या मागे गोंद अजिबात लावू नका. तिथे गोंद लागला की पायरी उठत नाही.

गोंदाबद्दल थोडं. पांढऱ्या पातळ गोंदात पाणी असतं. कागद ते पितो, फुगतो, आणि वाळताना त्याला सुरकुत्या पडतात. मोठा कागद मोठ्या कागदावर चिकटवायचा असेल तर ग्लू स्टिक बरी, तिच्यात पाणी कमी. पांढरा गोंदच वापरायचा असेल तर तो कापडाच्या घडीनं अगदी पातळ पसरवा आणि कार्ड दोन कोऱ्या कागदांमध्ये घालून रात्रभर पुस्तकांच्या ढिगाखाली ठेवा. उभी पायरी केली असेल तर कार्ड नीट बंद करून मगच ढिगाखाली ठेवायचं. चमकी मात्र टाळा. ती गोंदावर पुरती बसत नाही, झडत राहते, आणि बाईंच्या टेबलावरच्या सगळ्या वह्यांत जाते.

कार्डाला चमकीपेक्षा सुकवलेली फुलं फार शोभतात. त्यांना वेळ लागतो, दोन ते तीन आठवडे. जागतिक शिक्षक दिन 5 ऑक्टोबरला असतो, 1994पासून तो पाळला जातो. त्या दिवशी कार्ड द्यायचं तर फुलं सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दाबायला ठेवावी लागतील. दव वाळल्यावर फुलं तोडा. ती चपटी, पातळ पाकळ्यांची हवीत. नेच्याची पानं आणि गवताचे तुरे तर उत्तमच. गुलाबासारखं भरगच्च फूल अख्खं दाबलं की मधोमध ओल राहते आणि बुरशी धरते. त्याच्या पाकळ्या सुट्या करून दाबा. गडद लाल रंग सुकल्यावर बहुधा काळपट होतो. पिवळी आणि निळी फुलं जास्त बरी राहतात. वर्तमानपत्राच्या घड्यांत फुलं एकमेकांना न लागता मांडा, वर पाच-सहा किलो वजनाची पुस्तकं ठेवा. पहिले तीन दिवस कागद रोज बदला. हेच काम कंटाळ्यानं राहतं आणि फुलं तपकिरी होतात, कारण पहिल्या दिवसांतच सगळ्यात जास्त पाणी बाहेर येतं. सुकलेलं फूल उचलायचं ते कागदाच्या पट्टीनं, चिमटीनं नाही. गोंद दात कोरायच्या काडीच्या टोकानं देठाला आणि मध्यावर, ठिपक्याएवढाच.

कार्डासोबत वस्तू काय द्यावी? पेन ठेवायचे डबे आणि फोटोच्या चौकटी मुलं हौसेनं करतात, पण एका टेबलावर असे किती डबे मावणार? आमच्या मते छोटी वही सगळ्यात चांगली. ती कामात येते, पिशवीत मावते आणि शिवायला तासभर पुरतो.

साधे एफोर कागद आठ घ्या आणि वरून जाड कार्डशीटचं एक मुखपृष्ठ. सगळे मधोमध दुमडून एकात एक बसवा. आठ कागदांची बत्तीस पानं होतात. घडीच्या रेघेवर तीन भोकं पाडायची: वरच्या कडेपासून 4 सेंटिमीटरवर एक, साडेदहावर मधलं आणि 17वर तिसरं. भोकं आतून बाहेर पाडा, वही अर्धवट उघडी धरून, दाभणानं किंवा जाड सुईनं, आणि हे काम मोठ्यांनी करावं. मग 50 सेंटिमीटर जाड सुती दोरा घ्या आणि तो मेणबत्तीवरून दोनदा ओढा, म्हणजे गुंतत नाही.

सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा. आत आठ सेंटिमीटर दोरा शिल्लक ठेवा. बाहेरून वरच्या भोकात जा. आतल्या बाजूनं, मधलं भोक सोडून, सरळ खालच्या भोकातून बाहेर या. आता बाहेरून पुन्हा मधल्या भोकात, आत. इथे सुई पहिल्या दोऱ्यातून जाऊ देऊ नका, दोरा चिरला की टाका कधीच घट्ट होत नाही. दोऱ्याची दोन्ही टोकं आता आत आहेत. मधल्या लांब टाक्याच्या एका बाजूला एक टोक आणि दुसऱ्या बाजूला दुसरं असं घेऊन त्यावर दोन गाठी मारा. दोरा ताणताना वहीच्या घडीच्या दिशेनं ताणा. आपल्याकडे ओढला की भोक फाटतं. टोकं सेंटिमीटरभर ठेवून कापा.

आता दोन गोष्टी खटकतील. एक, आतले कागद बाहेरच्या कडेला मुखपृष्ठाच्या पुढे येतात. एकात एक घड्या बसल्या की हे होणारच. स्टीलची पट्टी धरून कटरनं ती कड 3 मिलिमीटर छाटा. एका दमात कापायला जाऊ नका, हलक्या हातानं पाच-सहा वेळा पातं फिरवा. प्लॅस्टिकची पट्टी वापरू नका, पातं तिच्यात शिरतं आणि बोटावर येतं. दुसरं, वही मिटत नाही, तोंड उघडं राहतं. एफोर कागदाचे तंतू सहसा लांबीच्या दिशेनं असतात आणि इथली घडी त्यांना आडवी जाते. मघाशी कार्डाची घडी सोपी गेली ती याच कारणानं. वही रात्रभर वजनाखाली ठेवा, पुष्कळ फरक पडतो.

तेवढा वेळ नसेल तर 5 बाय 15 सेंटिमीटरची वाचनखूण करा. वर सेंटिमीटरभर आत भोक, त्यात दुहेरी दोरा, बस्स.

पाकिटाला विकतचा कागद लागत नाही. एफोर कागदातून 21 सेंटिमीटरचा चौरस कापा. त्याचा कर्ण 29.7 सेंटिमीटर भरतो. चौरस कोपऱ्यावर उभा धरा, आपलं कार्ड मधोमध आडवं ठेवा आणि आधी डावा-उजवा कोपरा आत घ्या. ते मध्यावर जेमतेम भेटतात. मग खालचा कोपरा वर घेऊन त्या दोघांवर चिकटवा. घड्या कार्डाला घट्ट लावून घालू नका, सगळीकडून दोन-तीन मिलिमीटर सैल ठेवा. आत पायरी किंवा फूल असेल तर पाच मिलिमीटर ठेवा आणि चौरस तेवढा मोठा घ्या. वरची झडप चिकटवायची नाही, नुसती आत खोचायची.

आणि कार्डाच्या पाठीवर खाली, बारीक अक्षरात, मुलाचं पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी आणि वर्ष लिहा. नुसतं ‘तुमची लाडकी सई’ लिहिलं, तर दहा वर्षांनी ते कार्ड हाती आल्यावर बाई विचारात पडतील, कारण एवढ्या वर्षांत त्यांच्या वर्गात अनेक सई येऊन गेलेल्या असतील.