चौकडीचे कापड आणि काळे चामडे

श्रोतेहो, नमस्कार.

काही वर्षांपूर्वी स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात एका स्नेह्यांच्या मुलाच्या लग्नाला जाण्याचा योग आला. चर्चच्या दाराशी दोन तरुण शेजारी शेजारी उभे होते. एकाने हिरव्या-निळ्या चौकडीचा किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा, चुण्यांचा घागऱ्यासारखा पोशाख, घातला होता, आणि दुसऱ्याचा किल्ट त्याच घाटाचा, पण संपूर्ण काळ्या चामड्याचा होता. येणारे वडीलधारे पाहुणे पहिल्याची पाठ थोपटत होते, त्याच्या घराण्याची चौकशी करत होते. दुसऱ्याकडे पाहून मात्र ते किंचित थबकत, ओठांवर हसू आणत आणि पुढे जात. दोघेही त्याच गावचे होते आणि दोघांनीही आपापल्या परीने नटण्यात कसूर केली नव्हती. मग नजरेत एवढा फरक का पडावा, हा प्रश्न माझ्या मनात तेव्हापासून घर करून राहिला आहे. आज त्याचाच थोडा उलगडा करण्याचा प्रयत्न करतो.

चामड्याच्या किल्टवर घेतला जाणारा पहिला आक्षेप असतो तो परंपरेचा. म्हणून आधी या परंपरेचे वय पाहू. आपल्या भाषेत साडी आणि धोतर नेसतात, सदरा आणि झगा घालतात. न शिवलेल्या आणि शिवलेल्या वस्त्रांतला हा भेद मराठी माणसाला कोणी शिकवावा लागत नाही, आणि किल्टचा इतिहास समजून घेताना तोच फार उपयोगी पडतो. सोळाव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातले, म्हणजे हायलँड्समधले, लोक जे वापरत होते ते नेसण्याचे वस्त्र होते. लोकरीचे लांबरुंद कापड जमिनीवर पसरायचे, हाताने त्याच्या निऱ्या करायच्या, ते पट्ट्याने कमरेला आवळायचे आणि उरलेला भाग खांद्यावर घ्यायचा. रात्री तेच कापड पांघरूण म्हणून कामी येई. आज आपण पाहतो तो चुण्या शिवलेला, फक्त कमरेखालचा किल्ट हे घालण्याचे वस्त्र आहे, आणि ते अठराव्या शतकात रुळले. ग्लेनगॅरी भागात लोखंडाची भट्टी चालवणाऱ्या टॉमस रॉलिन्सन नावाच्या एका इंग्रज कारखानदाराने कामगारांच्या सोयीसाठी खांद्यावरचा भाग कापून टाकला, अशी हकिकत १७८५ साली छापून आलेल्या एका पत्रात आहे. अनेक स्कॉटिश अभ्यासकांना ती मान्य नाही. परंतु वस्त्र त्या काळात आटोपशीर झाले आणि शिंप्याच्या हाती गेले, याबद्दल दुमत नाही.

लोकांची नजर तर वस्त्राहूनही अधिक बदलली. एप्रिल १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत हायलँड्समधल्या बंडखोरांचा पाडाव झाला आणि त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने हा पोशाख करण्यास बंदी घातली. पहिल्या अपराधाला सहा महिन्यांची कैद आणि दुसऱ्याला सात वर्षे समुद्रापार हद्दपारी, अशी ती शिक्षा होती. सूट होती ती सरकारी फौजेतल्या हायलँडर पलटणींना. ही बंदी १७८२ मध्ये उठली. दक्षिणेकडच्या सखल भागातल्या स्कॉटिश लोकांच्या दृष्टीने तर हा गुरे पळवणाऱ्या चोरांचा वेष होता. तोच वेष १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला तेव्हा कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांच्या आयोजनामुळे साऱ्या देशाचा मानाचा पोशाख ठरला. राजाने स्वतः किल्ट घातला होता आणि त्याखाली कातडीच्या रंगाचे तंग पायमोजे चढवले होते. व्यंगचित्रकारांनी त्यावरून त्याची पुरती हजेरी घेतली. ज्या लोकांचे आजोबा हे वस्त्र पाहून नाके मुरडत होते, त्यांनीच आता घराण्याघराण्याच्या चौकडी शोधायला सुरुवात केली. १८४२ साली तर अशा चौकडींचे एक भव्य पुस्तक जुन्या हस्तलिखितावर आधारलेले म्हणून प्रसिद्ध झाले. पुढे ते हस्तलिखित बनावट असल्याचे निष्पन्न झाले, पण त्यातल्या कित्येक चौकडी घराण्यांनी आपल्या म्हणून स्वीकारल्या होत्या आणि त्या तशाच टिकल्या.

या साऱ्याचा अर्थ टार्टन, म्हणजे हे चौकडीचे कापड, खोटे आहे असा मी मुळीच लावत नाही. दोनशे वर्षे लोकांनी लग्नात, युद्धात आणि अंत्ययात्रेत जे अंगावर वागवले, ते खरेच झालेले असते. मला एवढेच नोंदवायचे आहे की टार्टन पाहणारा माणूस त्यात आडनाव वाचतो. चौकडी पाहिली की हा कोणाचा, कोणत्या खोऱ्यातला, याचा अंदाज बांधता येतो, किंवा बांधता येतो असे वाटते, आणि त्या अंदाजातून जवळीक निर्माण होते. नव्या चौकडीलाही हा मान लवकर मिळतो. स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या शीख समाजासाठी १९९९ साली सिंग नावाचे टार्टन तयार झाले, आणि आज पगडी व किल्ट असा वेष केलेला शीख गृहस्थ तिथल्या समारंभात कोणाला वावगा वाटत नाही. २००९ पासून तर टार्टनची सरकारी नोंदवही आहे आणि तीत नव्या नमुन्यांची भर पडत असते. म्हणजे नवेपणाला समाजाचा विरोध नाही. चामड्याची अडचण अशी की त्यावर वाचण्यासारखे आडनावच नसते.

आडनावाची जागा रिकामी राहिली की पाहणारा ती स्वतःच्या आठवणींनी भरतो. दुसऱ्या महायुद्धानंतर काळे चामडे मोटारसायकलवाल्या टोळ्यांचे झाले, त्याच सुमारास अमेरिकेतल्या समलिंगी पुरुषांच्या मंडळांनी ते आपली खूण म्हणून स्वीकारले, पुढे रॉक आणि मेटल संगीताच्या रंगमंचावर ते आले, आणि रोमन सैनिकांच्या चित्रपटांनी कमरेभोवतीच्या चामडी पट्ट्यांची सवय प्रेक्षकांच्या डोळ्यांना लावलेली होतीच. त्यामुळे चामड्याचा किल्ट घातलेला माणूस कितीही साध्या मनाने घराबाहेर पडला असला, तरी तो बंडखोर आहे, नाटकी आहे किंवा काही सुचवू पाहतो आहे, असे आधीच ठरवले जाते. संगीत महोत्सवात त्याचे कौतुक होते. २००३ साली एडिंबरामध्ये भरलेल्या एमटीव्हीच्या युरोपीय संगीत पुरस्कार सोहळ्याला अभिनेता विन डिझेल चामडी किल्टमध्ये आला, तेव्हा छायाचित्रकारांना तो हवाच होता. त्याच वेषात कोणी चर्चमध्ये किंवा ब्रेमार गावच्या पारंपरिक स्कॉटिश क्रीडा मेळ्यात आला, तर लोक त्याला अडवणार नाहीत, पण त्याच्या शेजारची खुर्ची शेवटी भरेल.

किल्टखाली काय घातले आहेस, हा प्रश्न मात्र दोघांच्याही वाट्याला येतो, आणि तो विचारणाऱ्याला क्वचितच गैर वाटतो. इनव्हर्नेसमधल्या एका मद्यगृहाने २०१७ साली आपल्या वाढप्यांना किल्ट सोडून पँट घालायला सांगितले, कारण महिला ग्राहक वस्त्र उचलून पाहू लागल्या होत्या. ते किल्ट टार्टनचेच होते. थट्टेच्या नावाखाली चाललेला हा अपमान आहे, आणि कापड कोणतेही असो, तो थांबलाच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता वस्तू हातात घेऊन पाहू. परंपरेप्रमाणे शिवलेल्या किल्टला आठ वार लोकरी कापड लागते, आपल्या नऊवारीहून एक वार कमी. पुढचा भाग सपाट असतो आणि मागे खोल चुण्यांची दाट रांग असते. चौकडीचा नमुना चुण्यांवरही अखंड दिसावा म्हणून प्रत्येक चुणी मोजून घालावी लागते आणि हाताने टाचावी लागते. लोकर वाफेच्या इस्त्रीने दिलेली घडी धरून ठेवते, ओली झाली तरी ऊब देते, आणि चालताना त्या चुण्या मागे-पुढे डोलतात. किल्टचे सारे सौंदर्य या डोलण्यात आहे. चामड्याला हे सहज जमत नाही. गाईचे अख्खे कातडे लांबीला साधारण दोन मीटर भरते, म्हणून तुकडे जोडावे लागतात. ते जाड असल्यामुळे चुण्या थोड्याच घालता येतात, इस्त्रीची घडी त्यावर टिकत नाही म्हणून प्रत्येक चुणीची कड शिवून काढावी लागते, आणि पावसात ते जड होते. स्कॉटलंडमध्ये पावसाचा विचार न करता कपडे शिवणे परवडत नाही. तेव्हा लोकर सरस आहे असे कारागिरीच्या अंगाने कोणी म्हटले, तर मी त्याच्याशी सहमत होईन.

मात्र चामडे परके आहे, असे म्हणणाऱ्याने त्याच लोकरी किल्टकडे पुन्हा एकदा पाहावे. तो कमरेला बांधणारे पट्टे चामड्याचे, पुढची स्पोरॅन नावाची थैली चामड्याची, वरचा रुंद कमरपट्टा चामड्याचा आणि पायांतले बूटही चामड्याचेच असतात.

आणि ज्याला पाहुणे विश्वासाने परंपरा म्हणतात, ते पुष्कळदा काय असते? एडिंबराच्या रॉयल माइल या रस्त्यावर पर्यटकांसाठी थाटलेल्या दुकानांत जे स्वस्त किल्ट टांगलेले दिसतात, त्यांपैकी अनेक कृत्रिम धाग्याचे असतात आणि यंत्रावर शिवलेले असतात. स्वस्त किल्टचा आणि बॅगपाइप या स्कॉटिश वाद्याचाही मोठा पुरवठा पाकिस्तानातल्या सियालकोटहून होतो. इंटरनेटवर मिळणारे स्वस्त चामडी किल्टही बहुधा तिथूनच येतात. तिथल्या कारागिरांना मी कमी लेखत नाही. त्यांच्या हातात कसब आहे, पण त्यांना मिळणाऱ्या दामात आठ वार लोकर बसत नाही. उलट त्याच एडिंबरामध्ये किल्ट शिवणाऱ्या घरात वाढलेल्या हाउई निकल्सबी यांनी १९९० च्या दशकापासून चामडे, डेनिम आणि साध्या एकरंगी कापडाचे किल्ट माप घेऊन शिवायला सुरुवात केली, ती पुरुषाने हे वस्त्र रोज घालावे या आग्रहाने. अशा वेळी परंपरेच्या जवळचा कोण, हे ठरवताना लोकांची नजर चौकडीपाशी अडते आणि शिवणीपर्यंत पोहोचत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

त्या लग्नातली पुढची गोष्ट सांगतो. जेवणे उरकल्यावर एक वृद्ध गृहस्थ त्या चामडी किल्टवाल्या तरुणाजवळ जाऊन बसले. त्यांनी उभा जन्म किल्ट शिवण्यात घालवला होता, हे मला नंतर कळले. त्यांनी आधी रीतसर परवानगी विचारली, मग किल्टची कड दोन बोटांत धरून उलटी केली, चष्मा कपाळावर सरकवला आणि एकेका चुणीची शिवण डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "हे कोणी शिवले?" तरुण संकोचून म्हणाला, "मीच." तेव्हा त्यांनी खुर्ची आणखी जवळ ओढली आणि एवढ्या जाड चामड्यातून सुई कशी काढलीस, दोरा मेणाचा वापरलास का, असे विचारू लागले. निघताना मी पाहिले, तेव्हा त्यांच्या हातात एक कागदी रुमाल होता आणि त्यावर ते चुण्यांची मापे लिहून त्याला समजावून सांगत होते.