कापांमागून काप

पडद्यावर दिसतोय तो मेणात बसवलेल्या ऊतीचा एक काप. मायक्रोटोम या पातळ काप काढणाऱ्या यंत्रानं कापलेला, जाडी १० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. त्यात दोन छोटी वर्तुळं आहेत. दोन वेगळ्या नळ्या असतील, की एकाच नळीचे दोन फाटे? एका कापावरून सांगता येत नाही.

पुढचा काप बघा. वर्तुळं जवळ आली. त्याच्या पुढच्यात एकमेकांना टेकली. आणि इथे एकच लांबट वर्तुळ उरलं. फाटेच होते ते!

कापांवरून मूळ आकार असा उभा करणं विद्यार्थ्यांना संगणकावर आयतं दाखवू नये, आधी त्यांच्या हातून होऊ द्यावं. पारदर्शक कागद द्या. एकेका कागदावर एकेका कापाची बाह्यरेषा काढायची आणि कागद एकावर एक रचायचे. मधलं अंतर मात्र मोजूनमापून. चित्र १०० पट मोठं केलं असेल, तर १० मायक्रॉनच्या कापाला १ मिलिमीटर जागा द्यावी लागते. नाहीतर गोल अवयव चपटा होतो. एकोणिसाव्या शतकात गुस्टाफ बोर्न या जर्मन शास्त्रज्ञानं याच हिशोबानं मेणाचे पातळ थर कापून, रचून भ्रूणाच्या अवयवांच्या प्रतिकृती घडवल्या.

खरी कसोटी जुळवणीची. काप सरकतात, फिरतात, सुरकुततात. मग प्रत्येक काप आधीच्या कापावर तंतोतंत बसवायचा? केळ्याच्या चकत्या तशा रचून पाहा, बाक नाहीसा होतो आणि केळं सरळसोट उभं राहतं! म्हणून कापण्याआधीचा मूळ आकार कुठेतरी नोंदलेला हवा.

अमेरिकेच्या ‘व्हिजिबल ह्युमन’ प्रकल्पानं वेगळी वाट काढली. गोठवलेल्या मृतदेहाचा एकेक मिलिमीटर थर खरवडायचा आणि फोटो काढायचा तो मागे उरलेल्या पृष्ठभागाचा. तो जागचा हलतच नाही. पुरुषदेहाचे असे १,८०० हून अधिक फोटो १९९४ मध्ये खुले झाले.

मेंदूतल्या जोडण्या शोधायच्या, तर काप नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मायक्रॉनच्या हजाराव्या भागात मोजावे लागतात. सी. एलिगन्स या जेमतेम १ मिलिमीटर लांबीच्या कृमीत ३०२ चेतापेशी. त्यांचा नकाशा १९८६ साली प्रसिद्ध झाला, तोही हजारो काप हातानं तपासून. २०२४ मध्ये फळमाशीच्या संपूर्ण मेंदूचा नकाशा आला, १ लाख ३९ हजारांहून अधिक चेतापेशींचा. रेषा संगणकानं ओढल्या. पण शेजारच्या दोन पेशी त्यानं कुठे चुकून एक केल्या, कुठे एकीचे दोन तुकडे केले, हे तपासून दुरुस्त करायला शेकडो माणसं लागली.