गुंड कुठल्या गावचा?

श्रोते हो, नमस्कार. आज बोलायचं आहे ते ब्रिटनमधल्या टोळ्या, गुंड आणि त्यांच्यावरच्या चित्रपटांविषयी.

1971 सालच्या 'गेट कार्टर'मध्ये मायकेल केन लंडनहून आगगाडीनं न्यूकॅसलला येतो. त्याचा भाऊ वारला आहे. गावात पोचल्यावर तो एका पबमध्ये शिरतो, बिअर मागतो आणि चुटकी वाजवून बजावतो, 'पातळ काचेच्या ग्लासात.' भोवताली सगळी कष्टकरी माणसं बसलेली. हा जॅक कार्टर मूळचा याच गावचा. पण लंडनच्या मोठ्या टोळीवाल्यांच्या पदरी राहून आता त्याला गावचा जाड पेला चालेनासा झालाय. अजून एकही गोळी सुटलेली नाही, कुणी कुणावर हात उगारलेला नाही, तरी हा माणूस कुठून निघाला आणि कुठं पोचला ते आपल्याला कळून चुकतं.

दिग्दर्शक माइक हॉजेस यांचा हा पहिलाच चित्रपट. तरुणपणी नौदलात, सुरुंग काढणाऱ्या जहाजावर असताना त्यांनी इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या मासेमारी बंदरांमधलं दारिद्र्य जवळून पाहिलं होतं. ते पाहणं या चित्रपटात पुरेपूर उतरलंय. ओळीनं एकाला एक चिकटून उभी असलेली कामगारांची घरं, मागच्या गल्ल्या, नदीवरचे लोखंडी पूल, गेट्सहेडमधला काँक्रीटचा बहुमजली वाहनतळ. तो वाहनतळ 2010 साली पाडला, पण चित्रपटात तो उभा आहे आणि एका लबाड धंदेवाल्याला कार्टर त्याच्यावरूनच खाली फेकतो. चित्रपटातल्या बड्या गुंडाचा वाडा पाहा. जुगाराच्या यंत्रांच्या धंद्यातून 1967 साली या भागात खरोखर एक खून झाला होता. त्याच धंद्यातल्या एका माणसाचं गावाबाहेरचं घर चित्रीकरणासाठी वापरलं गेलं. शेवट होतो ड्युरॅम परगण्यातल्या एका किनाऱ्यावर. तिथं कोळशाच्या खाणीतला गाळ तारेवरून सरकणाऱ्या पाळण्यांतून वाहून थेट समुद्रात ओतला जायचा. वाळू काळी, पाणी काळं. माणसांचं आयुष्य ज्या मातीत मळलं, तिथंच हा सूड येऊन संपतो.

एक दोष मात्र सांगायलाच हवा. केन यांची बोली पक्की लंडनची आहे. न्यूकॅसलमध्ये वाढलेल्या माणसाच्या तोंडी ती शोभत नाही. तरीही चित्रपट तगतो, कारण बाकी सगळं गाव त्याच्याभोवती खरं आहे. 2000 साली हॉलिवूडनं हीच कथा उचलली, सिल्व्हेस्टर स्टॅलन यांना घेतलं आणि सगळं अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलला नेलं. खुद्द केनही त्यात एका भूमिकेत होते. चित्रपट सपशेल पडला. गोष्ट तीच, नाव तेच, पण तिच्या पायाखालची जमीन काढून घेतल्यावर उरला फक्त एक चिडलेला धिप्पाड माणूस.

मला या सगळ्या चित्रपटांबद्दल जे म्हणायचं आहे ते इथंच येतं. हा गुंड कुठल्या गावचा, कुठल्या आळीतला, कशाच्या पैशावर उभा राहिला आणि त्याच्याभोवतीचं शहर कसं पालटतंय, हे ज्या चित्रपटाला ठाऊक असतं तो पन्नास वर्षांनीही बघवतो. ज्यानं नुसते सूट, शिव्या आणि मारामाऱ्या उचलल्या, तो दोन वर्षांत विसरला जातो.

1980 सालचा 'द लाँग गुड फ्रायडे' घ्या. बॉब हॉस्किन्स यांचा हॅरल्ड शँड हा लंडनचा टोळीप्रमुख. थेम्स नदीतल्या आपल्या नौकेवर तो पाहुण्यांसमोर भाषण करतोय, मागून टॉवर ब्रिज सरकतोय. गोद्या ओस पडल्यात, त्या जमिनींवर नवं शहर उभारायचं आणि त्यासाठी अमेरिकेतल्या माफियाचा पैसा आणायचा, असा त्याचा बेत आहे. हे सगळं चित्रित झालं तेव्हा लंडनच्या गोद्या खरोखरच बंद पडत होत्या. 1981 साली सरकारनं त्या भागासाठी विकास महामंडळ स्थापन केलं आणि पुढं तिथं बँकांचे टॉवर उभे राहिले. पटकथाकार बॅरी कीफ यांनी एका गुंडाच्या तोंडून येणारा काळ बोलून दाखवला होता. हॅरल्डला मात्र एक गोष्ट उमगत नाही. ज्यांच्याशी गाठ पडली ते आयरिश बंडखोर आहेत, आणि पैसा किंवा दहशत यांपैकी कशानंच ते हटणारे नाहीत.

हेलन मिरेन यांनी आपली व्हिक्टोरियाची भूमिका आग्रह धरून नव्यानं लिहून घेतली, आणि फार चांगलं केलं. नाहीतर ती नुसती गुंडाची देखणी मैत्रीण उरली असती. आता ती त्याच्या राज्याची अर्धी कारभारीण वाटते. हा चित्रपट जवळजवळ हातचा गेला होता. ज्या कंपनीनं तो काढला तिला टीव्हीसाठी तो कापायचा होता, हॉस्किन्स यांचा आवाजसुद्धा दुसऱ्याकडून भरून घेतला होता. अखेर बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसन यांच्या हँडमेड फिल्म्सनं तो घेतला, म्हणून अखंड राहिला. आणि अखंड राहिला म्हणून तो शेवट आपल्याला मिळाला. हॅरल्ड गाडीत अडकलेला, पुढच्या सीटवरून तरुण पिअर्स ब्रॉस्नन पिस्तूल रोखून बसलेला, आणि कॅमेरा कितीतरी वेळ हॉस्किन्स यांच्या चेहऱ्यावर खिळलेला. एक शब्द नाही. राग येतो, हिशेब चालतो, भीती दाटते, ओठांवर हसू उमटतं आणि विरतं. अख्ख्या ब्रिटिश चित्रपटसृष्टीत इतकी मोठी एकट्या चेहऱ्याची कामगिरी मी फार थोड्या वेळा पाहिली आहे.

ब्रिटनमध्ये आणखी एक गोष्ट वेगळी आहे. तिथला साधा पोलीस सहसा पिस्तूल बाळगत नाही आणि लोकांकडेही पिस्तुलं क्वचितच असतात. त्यामुळे तिथल्या गुंडाला धाक घालायचा तो बोलण्यातून, बघण्यातून, खोलीत नुसतं उभं राहण्यातून. 'सेक्सी बीस्ट'मध्ये याचा कळस दिसतो. रे विन्स्टन यांचा गॅल धंदा सोडून स्पेनमध्ये सुखानं राहतोय. 1978 ते 1985 या काळात ब्रिटन आणि स्पेन यांच्यात गुन्हेगार सोपवण्याचा करार नव्हता, म्हणून कितीतरी इंग्रज दरोडेखोर तिकडे जाऊन राहिले होते, त्याची ही सावली. लंडनमधल्या एका कामासाठी गॅलला न्यायला डॉन लोगन येतो. गॅल नम्रपणे नाही म्हणतो. डॉन विनवतो, ओरडतो, टोमणे मारतो, आरशासमोर स्वतःशीच बडबडतो. घरातली चार मोठी माणसं त्याच्यापुढे शाळकरी पोरांसारखी गप्प बसतात. डॉनचं काम केलंय बेन किंग्जली यांनी. ज्यांना आपण 1982 साली 'गांधी'मध्ये पाहिलं, आपल्या रोहिणी हट्टंगडींच्या कस्तुरबांशेजारी, तेच हे किंग्जली. आणि 'गांधी'चे दिग्दर्शक रिचर्ड अ‍ॅटनबरो यांनीही तरुणपणी 'ब्रायटन रॉक'मध्ये पिंकी नावाचा सतरा वर्षांचा थंड डोळ्यांचा टोळीप्रमुख रंगवला होता. मला 'सेक्सी बीस्ट'चा दरोड्याचा भाग तितकासा रुचत नाही. डॉन पडद्यावरून गेला की चित्रपटातली हवाच जाते.

मग पडझड कुठून सुरू झाली? गाय रिची यांच्या 1998 सालच्या 'लॉक, स्टॉक अँड टू स्मोकिंग बॅरल्स'ला मी दोष देणार नाही. पत्त्यांच्या डावात कर्जात बुडालेली चार पोरं, वसुलीला आपल्या लहानग्या मुलाला सोबत नेणारा आणि त्याच्यासमोर कुणी शिवी दिली तर दटावणारा विनी जोन्स, यात गंमत आहे, जोम आहे. पण त्याच्यामागून जी रांग लागली तिनं फक्त चटपटीत संवाद आणि टोपणनावं घेतली. एसेक्स परगण्यात डिसेंबर 1995 मध्ये शेताच्या वाटेवर एका रेंज रोव्हरमध्ये तिघांना गोळ्या घातल्या गेल्या. त्या एका घटनेवर किती चित्रपट निघावेत! 'राइज ऑफ द फुटसोल्जर'ची तर मालिकाच झाली. त्यात माणसं मार देतात, मार खातात, पण त्यांचं घर, त्यांची आई, त्यांच्या गावातली बेकारी यांतलं काही मनाला भिडत नाही. वेदना नुसती दाखवायला ठेवलेली, आणि हे मला खरोखर खुपतं, कारण मेलेली माणसं खरी होती.

क्रे बंधूंचं हेच झालं. पूर्व लंडनच्या या जुळ्या गुंडांना 1969 साली जन्मठेप झाली. त्याआधीच, 1965 साली, छायाचित्रकार डेव्हिड बेली यांनी त्यांची छायाचित्रं काढली होती, नटनट्यांच्या छायाचित्रांच्या रांगेत मांडायला. तेव्हापासून त्यांच्याभोवतीचं वलय सुटलेलं नाही. 2015 च्या 'लेजंड'मध्ये टॉम हार्डी यांनी दोघांचंही काम केलंय, आणि अभिनय अफाट आहे. पण लंडन इतकं चकचकीत, की त्या गल्ल्यांमध्ये कुणाला कुणाची भीती वाटत असेल यावर विश्वास बसत नाही. 1990 चा 'द क्रेज' त्या मानानं साधा, कुठं कुठं कच्चासुद्धा. तरी मी त्याच्या बाजूचा. बिली व्हाइटलॉ यांनी रंगवलेली आई आणि तिच्या बहिणी यांना त्यात मधोमध जागा आहे. युद्धकाळात बॉम्बच्या छायेखाली पोरं वाढवलेल्या या बायका. मुलं काय करतात ते आईला कळतं की नाही, हा प्रश्न चित्रपट सोडत नाही, आणि चहाचे कप भरताना तिच्या चेहऱ्यावर तो सारखा दिसत राहतो.

कुणाला यातलं काही पाहायचं झालं तर माझं सांगणं असं. 'गेट कार्टर' 1971 चाच शोधा, 2000 चा नको. इंग्रजी उपशीर्षकं चालू ठेवा, कारण न्यूकॅसलची आणि पूर्व लंडनची बोली इंग्रजी चांगलं येणाऱ्यालाही पहिल्या फटक्यात पकडता येत नाही. आणि 'द लाँग गुड फ्रायडे' आवडला तर लगेच नील जॉर्डन यांचा 'मोना लिसा' बघा, 1986 सालचा. तेच हॉस्किन्स, पण इथं टोळीप्रमुख नव्हेत, तर तुरुंगातून सुटून गाडी चालवणारा एक भाबडा माणूस. त्या वर्षी कान महोत्सवात उत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार त्यांना विभागून मिळाला. नमस्कार.