प्रिन्स स्ट्रीटवरचं घर

नमस्कार श्रोतेहो! आज जाऊ या अमेरिकेच्या दक्षिणेला, साउथ कॅरोलायना राज्यातल्या ब्यूफर्ट गावी. खाडीकाठचं हे गाव १७११ साली वसलं. नीळ, भात आणि पुढे लांब धाग्याचा कापूस यांवर इथले मळेवाले गब्बर झाले. मळ्यांत राबत होते गुलाम. पुन्हा सांगते, राबत होते गुलाम.

घरं उंच जोत्याची, वर-खाली दोन्ही मजल्यांना ऐसपैस ओसरी, खाडीवरचा वारा घरात खेळावा म्हणून. कित्येक जोती 'टॅबी'ची. कालवांचे शिंपले भाजून काढलेला चुना, वाळू, पाणी, त्यात पुन्हा शिंपलेच. कोकणातल्या मंडळींना शिंपल्यांच्या चुन्याचं नवल नाही.

प्रिन्स स्ट्रीटवर मॅकी कुटुंबाचं असंच एक घर. त्याच्या मागच्या गुलामांच्या खोलीत १८३९ साली रॉबर्ट स्मॉल्स जन्मला. आपल्याकडेही वाडा दाखवताना दिवाणखाना दाखवतात, झुंबर दाखवतात. मागच्या खोल्यांना कुलूप. उघडा हो ती कुलपं! तिथं राहणाऱ्यांनीच वाडा चालवला.

तर हा रॉबर्ट. अमेरिकेच्या यादवी युद्धात, गुलामगिरी राखू पाहणारी दक्षिणेची राज्यं एकीकडे आणि उत्तरेची दुसरीकडे, तेव्हा हा चार्ल्स्टन बंदरात दक्षिणेच्या सैन्यासाठी 'प्लांटर' ही आगबोट चालवायचा. १३ मे १८६२. गोरे अधिकारी रात्री घरी गेलेले. पहाटेच्या अंधारात रॉबर्टनं कप्तानाची गवती टोपी डोक्यावर चढवली, बोट सोडली, वाटेत दुसऱ्या धक्क्यावरून बायको-मुलांना घेतलं. समोर दक्षिणेचा किल्ला फोर्ट सम्टर, तोफा रोखलेल्या. बोट वळवली असती तर संशय आला असता. त्यानं शांतपणे ठरलेली शिट्टी वाजवली, आणि किल्ल्यानं वाट दिली! पुढे उत्तरेचं जहाज तोफ डागणार, तेवढ्यात बोटीवर पांढरी चादर फडकली. वय अवघं तेवीस!

ब्यूफर्ट १८६१ च्या नोव्हेंबरातच उत्तरेच्या हाती आलं होतं. मळेवाले पळाले, घरांत इस्पितळं थाटली, म्हणून ती जळाली नाहीत. कर थकलेल्या घरांचे लिलाव झाले, आणि रॉबर्टनं प्रिन्स स्ट्रीटवरचं तेच घर विकत घेतलं. होय, तेच घर, ज्याच्या मागे तो जन्मला! आईलाही तिथं राहायला आणलं. आधीच्या मालकानं दावा लावला, तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १८७८ साली निकाल लागला: घर स्मॉल्स यांचंच. तेव्हा ते अमेरिकेच्या संसदेत खासदार होते.